फुप्फुसं न तपासता मांडलेला मृत्यूंचा हिशेब

श्वसनमार्गाच्या एखाद्या विषाणूची साथ ओसरली की एक वाद हमखास पेटतो. एवढी माणसं खरोखर विषाणूने गेली, की गेली दुसऱ्याच कशाने आणि विषाणू त्यांच्या नाकात फक्त सापडला? कोविडनंतर हा वाद देशोदेशी झाला आणि तो अजून विझलेला नाही. एक बाजू म्हणते, चाचणी पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक मृत्यू साथीच्या नावावर खपवला आणि लोकांना घाबरवलं. दुसरी म्हणते, ज्यांची चाचणीच झाली नाही असे असंख्य मृत्यू मोजणीतून निसटले. दोघांकडे तक्ते आहेत, आलेख आहेत आणि एकमेकांच्या हेतूंबद्दलचे संशय आहेत. पण ज्या अवयवावर विषाणूने घाव घातला असं म्हणायचं, तो अवयव मृत्यूनंतर किती जणांचा उघडून पाहिला, किती जणांच्या फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला, हे या वादात जवळजवळ कुणीच विचारत नाही. मृत्यूच्या कारणाबद्दल इतक्या त्वेषाने भांडायचं आणि मृतदेहाकडे मात्र पाठ फिरवायची, हे मला मनापासून खटकतं.

माझी भूमिका आधीच सांगतो. स्वॅब एवढंच सांगतो की विषाणू शरीरात आला होता. त्याने तिथे काय केलं हे फुप्फुस सांगतं. आणि ते समजून घेण्याची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे न्यायवैद्यक शवागार. घरात अचानक गेलेली, रस्त्याकडेला सापडलेली, कोठडीत दगावलेली, अपघातात मेलेली अशी सगळी माणसं पंचनाम्यासह तिथे येतात. अशा शवविच्छेदनात दोन्ही फुप्फुसांचं वजन घेणं, प्रत्येक खंडातून तुकडे घेऊन ते हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला पाठवणं आणि सोबत विषाणूची चाचणी करणं हा नेहमीचा शिरस्ता व्हायला हवा. साथ असो वा नसो.

फुप्फुस नेमकं काय सांगतं ते आधी पाहू, कारण वाद घालणाऱ्या बहुतेकांना याची कल्पना नसते. निरोगी फुप्फुस हलकं असतं, स्पंजासारखं दबतं, बोटांखाली बारीक चुरचुरतं आणि त्याचा तुकडा पाण्यावर तरंगतो. प्रौढ पुरुषाची दोन्ही फुप्फुसं मिळून साधारण ८४० ग्रॅम भरतात, स्त्रीची त्याहून कमी. गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियाने गेलेल्या माणसाची फुप्फुसं जांभळट-लाल, जड आणि ठिकठिकाणी घट्ट झालेली असतात. कापलेल्या भागातून रक्तमिश्रित द्रव पाझरतो. हवा जायला जागा उरलेली नसते, त्यामुळे घट्ट भागाचा तुकडा पाण्यात बुडतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये २०२० च्या वसंतात कोविडच्या पहिल्या बारा मृतांचं ओळीने शवविच्छेदन झालं, तेव्हा दोन्ही फुप्फुसांचं एकत्रित सरासरी वजन दोन किलोच्या जवळ भरलं. म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त. हे जादा वजन द्रवाचं, रक्ताचं आणि पेशींच्या अवशेषांचं.

सूक्ष्मदर्शकाखाली गोष्ट आणखी स्पष्ट होते. हवा आणि रक्त यांच्यामध्ये असलेला वायुकोशांचा (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचा) अस्तरपेशींचा थर मरतो, केशवाहिन्यांतून प्रथिनयुक्त द्रव वायुकोशात गळतो, आणि मेलेल्या पेशी व फायब्रिन (रक्त गोठवणारं प्रथिन) यांचा गुलाबी, काचेसारखा पडदा वायुकोशाच्या भिंतीवर बसतो. याला हायलिन पडदा म्हणतात आणि एकूण चित्राला डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेज. या चित्राला स्वतःचं वेळापत्रक असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत सूज आणि गळती, पहिल्या आठवड्यात पडदे ठळक, आठवड्याच्या शेवटाकडे दुसऱ्या प्रकारच्या अस्तरपेशींची वाढ आणि तंतुपेशींचा शिरकाव, आणि पुढच्या काही आठवड्यांत व्रणासारखी तंतुमय ऊती. म्हणजे फुप्फुस पाहून इजा झाली हे तर कळतंच, ती साधारण किती जुनी आहे हेही कळतं. आकडेवारीवर भांडणाऱ्यांना याहून उपयोगी साक्षीदार दुसरा कोणता हवा आहे?

आता ‘आकडे फुगवले’ म्हणणाऱ्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो खरा आहे. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० पर्यंतच्या मोजणीत एकदा चाचणी पॉझिटिव्ह आलेला माणूस नंतर कधीही आणि कशानेही मेला तरी तो कोविडच्या मृत्यूंत धरला जात होता. टीका झाल्यावर चाचणीनंतर २८ दिवसांच्या आत झालेले मृत्यूच धरायचं ठरलं, आणि त्या एका दुरुस्तीने ब्रिटनचा एकूण आकडा पाच हजारांहून जास्तने उतरला. टीकाकार बरोबर होते आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण त्यावरचा उपाय म्हणून काय आलं? दिवसांची एक रेघ. सत्ताविसाव्या दिवशी मोटारीखाली आलेला माणूस मोजणीत राहिला, आणि पाच आठवडे व्हेंटिलेटरवर काढून तंतुमय झालेल्या फुप्फुसांनी गेलेला बाहेर पडला. एका ढोबळ नियमाच्या जागी दुसरा ढोबळ नियम आला. दोन्ही बाजूंनी पुढचे कित्येक महिने या रेघेवरून भांडण केलं. त्या दोन माणसांची फुप्फुसं शेजारी शेजारी ठेवली असती तर प्रशिक्षित डोळ्याला फरक ओळखायला फार वेळ लागला नसता.

मृत्यूच्या प्रमाणपत्राचा आंतरराष्ट्रीय नमुना हा वाद मुळात इतका टोकाचा होऊच नये अशा रीतीने आखलेला आहे. पहिल्या भागात कारणांची साखळी लिहायची असते. थेट कारण वर, त्याला जन्म देणारं मूळ कारण सगळ्यांत खाली. दुसऱ्या भागात मधुमेह, हृदयविकार असे हातभार लावणारे आजार येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्टच सांगितलं होतं की इजेसारखं दुसरं उघड कारण असेल तर तो मृत्यू कोविडचा धरायचा नाही. म्हणजे ‘आधीच मधुमेह होता, मग विषाणूने कसा मेला?’ या प्रश्नाला नमुन्यातच उत्तर आहे. वर्षानुवर्षं मधुमेह घेऊन जगणारा माणूस हायलिन पडद्यांनी भरलेल्या फुप्फुसांनी दहा दिवसांत गेला, तर साखळीचं मूळ मधुमेह नाही. अडचण इतकीच की ही साखळी बहुतेक वेळा अंदाजाने भरली जाते. भरणाऱ्या डॉक्टरने फुप्फुस पाहिलेलं नसतं, आणि ज्याने पाहिलं त्याने अनेकदा ते फक्त डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

रुग्णालयातली शवविच्छेदनं पुरेशी का नाहीत? एक कारण हे की ती होतच नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य रुग्णालयांत जवळपास निम्म्या मृतांचं शवविच्छेदन व्हायचं. स्कॅन आले, डॉक्टरांचा स्वतःच्या निदानावरचा विश्वास वाढला, आणि हे प्रमाण काही टक्क्यांवर आलं. पण याहून मोठं कारण वेगळं आहे. रुग्णालयात मेलेल्या माणसाचं फुप्फुस हे उपचार झालेलं फुप्फुस असतं. व्हेंटिलेटरचा दाब, उच्च प्रमाणातला ऑक्सिजन, अतिदक्षता विभागातले जंतू, स्टिरॉइड या सगळ्यांच्या खुणा त्यावर असतात, आणि त्यांतल्या काही विषाणूच्या खुणांसारख्याच दिसतात. नुसता जास्त ऑक्सिजनही हायलिन पडदे तयार करू शकतो. उलट घरी अंथरुणात गेलेला, कुठल्याही दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस न्यायवैद्यक टेबलावर येतो तेव्हा आजाराने स्वतःच्या चालीने काय केलं ते दिसतं. आणि त्याच शवागारात शेजारच्या टेबलावर अपघातात मेलेला असतो, ज्याचा स्वॅब योगायोगाने पॉझिटिव्ह आणि फुप्फुसं मात्र जवळपास स्वच्छ असू शकतात. विषाणूने मेलेला आणि विषाणू अंगात असताना दुसऱ्या कशाने मेलेला, दोघंही एकाच छताखाली. तुलनेसाठी याहून चांगला संच एखाद्या संशोधकाने मुद्दाम आखूनही मिळायचा नाही.

याची उदाहरणं आपल्यासमोर घडली आहेत. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत ६ आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी दोन माणसं घरी मेली. त्या वेळी चाचण्या मोजक्या होत्या आणि प्रवासाचा इतिहास किंवा ठरावीक लक्षणं असल्याशिवाय कुणाची चाचणी होत नव्हती. पण तिथल्या मेडिकल एक्झॅमिनरने, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरने, ऊतींचे नमुने राखून ठेवले होते. एप्रिलमध्ये तपासणी झाली आणि दोन्ही मृत्यू कोविडचे निघाले. अमेरिकेतला पहिला मृत्यू तोवर फेब्रुवारीच्या अखेरचा, वॉशिंग्टन राज्यातला समजला जात होता. साथीच्या सुरुवातीची तारीख तीन आठवड्यांनी मागे गेली ती शवागाराने नमुने जपले म्हणून. ते टाकून दिले असते तर तो इतिहास कायमचा चुकीचाच राहिला असता.

झांबियाची राजधानी लुसाका इथलं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात पद्धतीचं बळही दिसतं आणि उणीवही. जून ते सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या शवागारात ३६४ मृतांच्या नाकातून स्वॅब घेतले गेले. विषाणूचा कुठलाही मागमूस धरला तर ७० जण पॉझिटिव्ह, म्हणजे जवळपास पाचात एक. त्यांतले ५१ जण रुग्णालयाबाहेर मेलेले, आणि त्यांच्यापैकी एकाचीही जिवंतपणी चाचणी झालेली नव्हती. आफ्रिकेत कोविडचे मृत्यू कमी झाले कारण तिथे आजारच पसरला नाही, हे तेव्हा सर्रास बोललं जात होतं. या एका शवागाराने त्या समजाला जोरदार धक्का दिला. मात्र या अभ्यासात घेतले होते ते फक्त स्वॅब. त्यामुळे ‘विषाणू होता हे ठीक, पण मेले त्यानेच कशावरून?’ ही शंका जागीच राहिली. फुप्फुसांचे तुकडे असते तर या शंकेला त्याच वेळी उत्तर मिळालं असतं.

शवविच्छेदनाचं नाव घेऊन या वादात जी दिशाभूल झाली तिचाही समाचार घेतला पाहिजे. २०२० पासून फिरणारा एक संदेश अनेकांच्या फोनवर आला असेल. इटलीने जागतिक आरोग्य संघटनेचा शवविच्छेदनबंदीचा ‘कायदा’ मोडला, मृतदेह उघडले, आणि कळलं की हा विषाणू नाहीच, जंतू (बॅक्टेरिया) आहे, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि साध्या गोळ्यांनी बरा होतो. पुढे याच मजकुरात इटलीच्या जागी रशिया आला, मग सिंगापूर आला. सिंगापूरच्या सरकारला अधिकृत खुलासा करावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने शवविच्छेदनावर कधीही बंदी घातली नव्हती. मार्च २०२० च्या तिच्या मार्गदर्शनात शवविच्छेदन करताना कोणती काळजी घ्यायची हेच सांगितलेलं होतं. पण ही अफवा इतकी का रुजली? कारण तिच्या पोटात सत्याचा एक कण होता. गुठळ्या खरोखर सापडल्या होत्या. आणि मृतदेहांबद्दल अधिकृतपणे फारसं कुणी काही बोलत नव्हतं. जिथे अहवाल नसतात तिथे अफवांना मोकळं रान मिळतं.

दुसऱ्या बाजूनेही या फुप्फुसांचा कमी गैरवापर केलेला नाही. मृतांच्या काळ्या-जांभळ्या फुप्फुसांची छायाचित्रं दाखवून ‘विषाणू झालेल्या प्रत्येकाची फुप्फुसं अशी होतात’ असं सांगितलं गेलं. हे साफ चूक आहे. शवविच्छेदन मेलेल्यांचंच होतं. ज्याला चार दिवस ताप येऊन गेला त्याचं फुप्फुस त्या टेबलावर येत नाही. सर्वांत वाईट अवस्थेचं चित्र सरासरी म्हणून दाखवणं ही भीती पसरवण्याचीच एक रीत आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. म्हणूनच दुसऱ्या कारणांनी मेलेल्या पण विषाणू अंगात असलेल्या माणसांची फुप्फुसंही तपासली पाहिजेत. सौम्य संसर्गात फुप्फुसात काय होतं किंवा होत नाही, हे दाखवणारा पुरावा तोच.

शास्त्रीय आक्षेपांपैकी सगळ्यांत वजनदार हा: डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेज ही काही विषाणूची सही नाही. रक्तातला जंतुसंसर्ग, पोटातलं अन्न-आम्ल उलटून श्वासनलिकेत जाणं, विषारी वायू, काही औषधं, जास्त ऑक्सिजन यांनीही तेच चित्र उभं राहतं. मृत्यूनंतर काही तासांत ऊती आपोआप विरघळू लागतात, तेव्हा उशिरा आलेल्या मृतदेहात बारकावे पुसले जातात. हे सगळं खरं आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? सूक्ष्मदर्शक एकटा पुरत नाही म्हणून तोही नको, की त्याच्या जोडीला बाकीच्या तपासण्या हव्यात? फुप्फुसाच्या तुकड्यातच विषाणूची जनुकीय चाचणी करता येते, विषाणूची प्रथिनं नेमक्या कुठल्या पेशीत आहेत हे रंजक प्रतिपिंडांनी दाखवता येतं, जंतूंचं कल्चर लावता येतं. विषाणूची चाचणी होकारार्थी, इजा वायुकोशात पसरलेली, इजेचं वय लक्षणांच्या दिवसांशी जुळणारं, आणि दुसरं कारण सापडत नाही, असे धागे एकत्र आले की निदान पक्कं होतं. एकेका धाग्याची कमजोरी दाखवून सगळा पुरावा झिडकारणं न्यायालयातही चालत नाही.

आणि न्यायालयाचाच विषय निघाला आहे तर बोलू. जड, फेसाळ, द्रवाने भरलेली फुप्फुसं बुडून मेलेल्यातही असतात. अफूजन्य औषधांच्या अतिसेवनात असतात, कीटकनाशकाच्या विषबाधेत असतात, श्वास कोंडल्यावरही असू शकतात. नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘फुप्फुसांत रक्तसंचय आणि सूज’ असं लिहिलं तर त्या ओळीतून काहीच सिद्ध होत नाही. तान्हं मूल झोपेत गेलं आणि फुप्फुसात विषाणूने बारीक श्वासनलिकांना आलेली सूज कुणी पाहिलीच नाही, तर संशय आईवर जाऊ शकतो. उलट कोठडीत मारहाणीने मेलेल्या माणसाच्या अहवालात ‘न्यूमोनिया’ हा शब्द सूक्ष्मदर्शकाशिवाय लिहिला गेला, तर गुन्हा झाकला जाऊ शकतो. मला या वादातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो. आपण लाखांच्या आकड्यांवर भांडतो, आणि ज्या एका अहवालावर एखाद्याचं स्वातंत्र्य किंवा एखाद्या कुटुंबाचा न्याय अवलंबून आहे, त्यात फुप्फुसाचा तुकडा तपासायचा की नाही हे त्या दिवशी शवागारात कोण आहे यावर सोडून देतो.

धोक्याचा मुद्दा हलक्यात घेता येणार नाही. शवागारात काम करणाऱ्यांना क्षयाची लागण झाल्याची उदाहरणं वैद्यकाला फार जुन्या काळापासून माहीत आहेत. कवटी कापणारी करवत हवेत सूक्ष्म तुषार उडवते, हवेचा दाब नियंत्रित करणारी खोली अनेक ठिकाणी नसते, आणि सगळ्यांत जास्त धोका पत्करणारा शवागारातला मदतनीस सगळ्यांत कमी संरक्षण घेऊन उभा असतो. २०२० मध्ये जर्मनीच्या रॉबर्ट कॉख या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सुरुवातीला शरीर उघडून केलेली शवविच्छेदनं टाळा असं सांगितलं. इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने तशीच भूमिका घेतली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत न्यायवैद्यक प्रकरणांतही शरीर न उघडता बाह्य तपासणीवर भागवावं असं सुचवलं. विषाणू नवा होता, संरक्षक पोशाख अपुरे होते. त्या आठवड्यांतली ती भीती मी चूक म्हणणार नाही.

पण धोका आहे म्हणून दार बंद करायचं, की धोका कमी करायचा? वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाला एकदा फार मोठं उत्तर मिळालं आहे. मार्च १८४७ मध्ये व्हिएन्नातले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का शवविच्छेदन शिकवत असताना विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटाला जखम झाली आणि काही दिवसांत ते मरण पावले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल त्यांचे मित्र, प्रसूतीकक्षातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी वाचला. बाळंतपणानंतर तापाने मरणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जे सापडायचं तेच तिथे होतं. मृतदेहावरचं काहीतरी डॉक्टरांच्या हातांवरून प्रसूतीकक्षात जात होतं. म्हणजे शवागार खरोखरच मारत होतं, प्राध्यापकालाही आणि बाळंतिणींनाही. सेमेलवाइस यांनी शवागाराला कुलूप लावलं नाही. क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर असलेलं बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण जून-जुलैत दोन टक्क्यांच्या आसपास आलं. धोका कुठून येतो हे कळलं ते शवविच्छेदनातूनच, आणि तो आटोक्यात आला स्वच्छतेने.

हॅम्बुर्गने २०२० मध्ये नेमका हाच मार्ग धरला. राष्ट्रीय संस्थेचा सल्ला विरुद्ध असतानाही शहरराज्याच्या आदेशाने क्लाउस प्युशेल यांच्या न्यायवैद्यक संस्थेने सगळे कोविड मृतदेह उघडायचं ठरवलं. पहिल्या बारांपैकी सात जणांच्या पायांच्या खोल शिरांत गुठळ्या सापडल्या, ज्यांची मृत्यूपूर्वी कुणाला शंकाही नव्हती. चौघांत तर फुप्फुसाच्या धमनीत जाऊन बसलेली गुठळी हेच मृत्यूचं थेट कारण होतं. एप्रिलमध्येच रॉबर्ट कॉख संस्थेने आपला सल्ला बदलला. मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कोविडने मेलेल्या सात जणांची फुप्फुसं २००९ च्या एच१एन१ फ्लूने मेलेल्या सात जणांच्या साठवलेल्या फुप्फुसांशी ताडून पाहिली गेली. वायुकोशांच्या केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये नऊ पट जास्त होत्या. ‘हा फक्त एक फ्लू आहे’ म्हणणाऱ्यांना आणि ‘याचं कशाशीच साम्य नाही’ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही या चौदा फुप्फुसांनी एकदम उत्तर दिलं. वायुकोशांची इजा दोन्हीकडे होती. रक्तवाहिन्यांची इजा कोविडमध्ये फार अधिक होती. आणि ही तुलना शक्य झाली ती २००९ मध्ये कुणीतरी तुकडे सांभाळून ठेवले म्हणून.

यावर एक प्रामाणिक हरकत अशी: शवविच्छेदनात गुठळ्या दिसल्या म्हणून सगळ्यांना रक्त पातळ करणारी औषधं भरपूर द्यावीत असं अनेकांना वाटलं, आणि पुढच्या मोठ्या चाचण्यांनी वेगळंच दाखवलं. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या पूर्ण मात्रेचा फायदा मध्यम आजारी रुग्णांना झाला, अतिगंभीर रुग्णांना झाला नाही. मग शवविच्छेदनाने काय साधलं? त्याने प्रश्न विचारायला शिकवलं. कुठलं औषध कुणाला द्यायचं हे जिवंत रुग्णांवरच्या चाचण्याच ठरवतील, यात वाद नाही. पण गुठळ्यांचा प्रश्न इतक्या तातडीने चाचण्यांच्या यादीत चढला त्यामागे मृतदेहांतून आलेला हा पुरावा होता. पुरावा आणि उपचार यांत ही पायरी आहे हे विसरून थेट गोळ्या सुचवणाऱ्यांचा दोष शवविच्छेदनाच्या माथी मारू नये.

साठवणुकीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण या सगळ्या विषयात तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. सप्टेंबर १९१८ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कॅम्प जॅक्सन इथे एकवीस वर्षांचा एक सैनिक फ्लूने गेला. लष्करी डॉक्टरांनी त्याच्या फुप्फुसाचे छोटे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये घालून मेणात बसवले आणि वॉशिंग्टनला पाठवले. फ्लू विषाणूने होतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी शोधलेल्या एका जंतूवर ठपका होता, आणि माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढला गेला १९३३ मध्ये. जवळपास ऐंशी वर्षांनी, १९९७ मध्ये, जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या चमूने त्याच मेणातून १९१८ च्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचले. या सैनिकाच्या डाव्या फुप्फुसात जंतूंचा न्यूमोनिया पुरता पसरलेला होता आणि तिथे विषाणूचा माग लागला नसता. उजव्या फुप्फुसात मात्र विषाणूने केलेली सुरुवातीची इजा ताजी होती. एकाच बाजूचा तुकडा घेतला असता तर? म्हणूनच प्रत्येक खंडातून तुकडे घ्या हा आग्रह किरकोळ नाही. पुढे २००८ मध्ये १९१८-१९ च्या ५८ शवविच्छेदनांच्या ऊती पुन्हा तपासल्या गेल्या, शिवाय त्या काळातल्या आठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या गेल्या. बहुसंख्य मृत्यू विषाणूने अस्तर उद्ध्वस्त केल्यावर घुसलेल्या जंतूंमुळे झाल्याचं दिसलं. ‘मग ते फ्लूने मेले की जंतूंनी?’ असं विचारणाऱ्याला सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या काचपट्ट्या साखळी दाखवतात. विषाणू आला नसता तर बहुतेकांच्या बाबतीत ते जंतू घशातच राहिले असते. आणि या ज्ञानाचा व्यावहारिक अर्थ असा की पुढच्या साथीसाठी लशींबरोबर प्रतिजैविकांचा साठाही लागेल.

मृताच्या कुटुंबाचं काय? शरीर उघडू नये ही भावना अनेक धर्मांत आणि अनेक घरांत खोल आहे. तिची समजूत काढता येते, पण ती मोडून काढू नये. न्यायवैद्यक प्रकरणात कायदा परवानगी विचारत नाही, म्हणून तर तिथे जबाबदारी जास्त आहे. यावर मधला मार्ग उपलब्ध आहे. बारीक सुयांनी फुप्फुस, यकृत, मेंदू यांचे धागे काढून तपासण्याची पद्धत आफ्रिकेतल्या आणि दक्षिण आशियातल्या बालमृत्यूंच्या अभ्यासात वर्षानुवर्षं वापरली जाते आहे. चेहरा आणि शरीर जसंच्या तसं राहतं, वेळ कमी लागतो, तुषारांचा धोका कमी. सुईला विरळ, ठिपक्याठिपक्यांनी पसरलेली इजा चुकू शकते आणि पायातून आलेली मोठी गुठळी तर दिसणारच नाही. तरी काहीच न पाहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. गुन्ह्याचा संशय असेल तिथे पूर्ण शवविच्छेदन, नसेल आणि कुटुंबाचा विरोध असेल तिथे सुईची तपासणी, असं लवचीक धोरण आखता येईल.

खर्चाचं कारण मला पटत नाही. मृतदेह टेबलावर आहेच, छाती उघडली जातेच, व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) रसायन तपासणीला जातोच. त्यात फुप्फुसाच्या पाच खंडांतले पाच तुकडे आणि एक स्वॅब वाढतो. खरी उणीव तो तुकडा वाचणाऱ्या माणसांची आहे. न्यायवैद्यक आणि विकृतीशास्त्र हे दोन विभाग बहुतेक ठिकाणी एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, आणि काचपट्ट्या महिनोन्महिने रांगेत पडून राहतात. अहवालात ‘अभिप्राय राखून ठेवला आहे’ असं लिहिलेलं असतं आणि तो अभिप्राय अनेक कुटुंबांपर्यंत कधी पोहोचतच नाही. श्वसनाच्या संसर्गात हा उशीर थेट जिवावर येतो, कारण मेलेल्या माणसाच्या घरात त्याची सेवा करणारी माणसं असतात, त्यांतला कुणी त्याच वेळी खोकत असतो. म्हणून विषाणूचाचणीचा निकाल एक-दोन दिवसांत आणि सूक्ष्मदर्शकाचा प्राथमिक निष्कर्ष आठवड्याभरात, पोलिसांबरोबरच आरोग्य खात्याला आणि कुटुंबाला, कुटुंबाला समजेल अशा भाषेत मिळायला हवा. मेणातले तुकडे खटला संपला म्हणून फेकू नयेत, ते किमान काही दशकं जपण्याची तरतूद नियमात असावी. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकार संशोधकांना ओळख लपवून मिळावा. आणि दर वर्षी प्रत्येक न्यायवैद्यक विभागाने आपल्याकडे आलेल्या अनाकलनीय मृत्यूंपैकी किती जणांची फुप्फुसं तपासली आणि काय सापडलं हे जाहीर करावं. तो तक्ता हाती आल्यावर आकड्यांचा वाद जरूर घालू.